बियाणे, कायदा आणि विद्यापीठ : परभणी जिल्ह्यातील तंत्रज्ञान-विधी शिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

'तंत्रज्ञान आणि कायदा' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उच्चारला की संगणक, आंतरजाल आणि २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा एवढ्याच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. विद्यापीठीय पातळीवर या विषयाचे जे पदविका व पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांची मांडणीही बहुतांशी याच दिशेने झाली. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने दूरशिक्षणाद्वारे बौद्धिक संपदा आणि सायबर कायदा या विषयांच्या पदविका सुरू केल्या आणि इतर अनेक संस्थांनी तो कित्ता गिरविला. या अभ्यासक्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु परभणीसारख्या जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, येथे तंत्रज्ञानाचा कायदा संगणकाच्या पडद्यावरून आला नाही. तो बियाण्याच्या पिशवीतून आला. ही पिशवी ज्या विद्यापीठाच्या संशोधनाशी जोडलेली होती ते विद्यापीठ याच शहरात उभे होते. तंत्रज्ञान निर्माण करणारी संस्था आणि त्या तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा यांची परस्परांशी ओळख किती आणि कशी झाली, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. विवेचनासाठी प्रामुख्याने कापूस हे पीक निवडले आहे. कारण या जिल्ह्यात विद्यापीठ, कंपनी, शासन आणि शेतकरी हे चारही घटक एकमेकांसमोर उभे राहिले ते कापसाच्या निमित्ताने.

संस्थानकालीन पार्श्वभूमी

परभणी हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. निजाम राजवटीत १९१८ साली परभणी येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्राची स्थापना झाली. याच वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाचा उदय झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. एकीकडे उर्दू माध्यमातून विधी, साहित्य व विज्ञान शिकविणारे विद्यापीठ आणि दुसरीकडे काळ्या कसदार जमिनीवर कापूस व ज्वारीची निवड करणारे प्रक्षेत्र, अशा दोन ज्ञानपरंपरा एकाच राजवटीत जन्मल्या. परंतु त्यांचा एकमेकींशी संबंध आला नाही. मराठवाड्यातील तरुण वकिलीसाठी हैदराबादला जात आणि शेतीचे प्रयोग परभणीत होत. ही विभागणी पुढे शंभर वर्षे टिकली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या काळात परभणी-नांदेड पट्ट्यातील 'गावरानी' कापूस हा लांब धाग्याचा देशी कापूस म्हणून बाजारात नावारूपाला आला. परभणीच्या प्रक्षेत्रावर निवड पद्धतीने सुधारलेल्या गावरानी वाणांना गिरणीमालकांकडून मागणी होती. मात्र चांगल्या कापसात हलक्या प्रतीचा कापूस मिसळण्याची प्रथा सर्वत्र होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा याच भेसळीला आळा घालण्यासाठी करण्यात आले. १९२१ साली स्थापन झालेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने संशोधनाला अर्थसाहाय्य दिले आणि त्याचा लाभ हैदराबाद राज्यातील कापूस संशोधनालाही झाला. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागेल. त्या काळच्या कायद्याला चिंता होती ती मालाच्या शुद्धतेची आणि व्यापाराच्या विश्वासार्हतेची. वाण कोणाचा, सरकी कोणी राखावी, तिच्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत नव्हतेच. सरकी ही शेतकऱ्याच्या घरातील वस्तू होती.

विद्यापीठाची स्थापना आणि बियाण्याचा पहिला कायदा

पोलीस कारवाईनंतर, १९५६ मध्ये परभणी येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेमुळे मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राहुरी (१९६८) आणि अकोला (१९६९) येथील कृषी विद्यापीठांनंतर मराठवाड्यासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे, या मागणीसाठी जनआंदोलन झाले आणि १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९८३ च्या महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियमाने राज्यातील चारही कृषी विद्यापीठे एका कायद्याखाली आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्यांची त्रिसूत्री ठरली. या त्रिसूत्रीत कायद्याला स्वतंत्र स्थान असण्याचे कारण त्या काळी कोणालाही वाटले नसावे, आणि ते त्या काळाच्या दृष्टीने स्वाभाविकही होते.

तथापि बियाण्याचा कायदा त्यापूर्वीच आला होता. १९६६ चा बियाणे अधिनियम आणि १९६८ चे नियम यांनी अधिसूचित वाणांच्या बियाण्याला किमान उगवणशक्ती व शुद्धतेचे बंधन घातले. पिशवीवर खूणचिठ्ठी आली, प्रमाणीकरण यंत्रणा आली, बियाणे निरीक्षक आला. १९७६ साली अकोला येथे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, स्थापन झाले. विद्यापीठाने पैदासकार बियाणे द्यावे, त्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बियाणे तयार व्हावे, अशी साखळी तयार झाली. ही साखळी कृषी पदवीचा विद्यार्थी 'बीज तंत्रज्ञान' या विषयात शिकत असे. कायदा त्यात एखाद्या प्रकरणापुरता येई आणि तोही प्रमाणकांच्या तक्त्याच्या स्वरूपात. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के, कापसाची ६५ टक्के हे विद्यार्थ्याला पाठ असे. ती कमी भरल्यास विक्रेत्यावर काय कारवाई होते, हे मात्र त्याला क्वचितच विचारले जाई. मूळ अधिनियमातील पहिल्या अपराधाचा दंड अवघा ५०० रुपयांपर्यंत होता, हे पाहता कदाचित विचारण्यासारखे फारसे नव्हतेही!

भेंडी आणि नांदेड-४४

विद्यापीठाच्या वाणांचा इतिहास पाहताना दोन वाणांपाशी थांबणे आवश्यक आहे. पहिला 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण. पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाने भेंडीचे पीक जात असताना पुसा सावनी या वाणाचा रानटी भेंडीशी संकर करून १९८० च्या दशकात तो विकसित करण्यात आला. त्याचा प्रसार देशभर झाला. परभणी हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या भाजी उत्पादकांना ठाऊक झाले ते बहुधा या भेंडीमुळेच. असंख्य खाजगी बियाणे विक्रेत्यांनी तो वाण आपापल्या पिशव्यांत भरून विकला. त्याबद्दल विद्यापीठाला स्वामित्वशुल्क मागता येत नव्हते, कारण वनस्पतीच्या वाणावर पैदासकाराचा हक्क ही संकल्पनाच तेव्हा भारतीय कायद्यात नव्हती. १९७० च्या पेटंट कायद्याने शेतीच्या पद्धती पेटंटच्या बाहेर ठेवल्या होत्या. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सर्वांचे, ही त्यामागील धारणा होती आणि ती चुकीची होती असे मानण्याचे कारण नाही. जाता जाता नमूद करावयास हरकत नाही की, शेजारच्या जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्या बियाणे व्यवसायाचा आरंभ केला तो याच पुसा सावनी भेंडीच्या बीजोत्पादनापासून. १९६४ साली त्यांनी स्थापन केलेली महिको ही कंपनी पुढे या कथेत पुन्हा भेटणार आहे.

दुसरा वाण म्हणजे नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला एनएचएच-४४, शेतकऱ्यांच्या भाषेत 'नांदेड-४४'. गुजरातेत १९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण दिल्यानंतर संकरित कापसाचे युग सुरू झाले. नांदेड-४४ हा १९८३-८४ च्या सुमारास प्रसारित झाला. बिकानेरी नरमा गटातील बीएन-१ ही त्याची मादी आणि एसी-७३८ हा नर. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, रसशोषक किडींना बऱ्यापैकी सहनशील आणि वेचणीस सोपा असा हा वाण मानवत, सेलू, पाथरीपासून थेट विदर्भ व आंध्रापर्यंत पसरला. संकरित वाणाची सरकी पुढील वर्षी पेरून चालत नाही. म्हणून शेतकरी प्रथमच दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला. म्हणजे मालकीचा कायदा येण्यापूर्वीच मालकीचा व्यवहार आला. तरीही नर-मादी वाण विद्यापीठाचे असल्याने महाबीज आणि अनेक लहान-मोठे उत्पादक हे बियाणे तयार करू शकत होते. स्पर्धा होती आणि पर्याय होते.

२००२ नंतरचे चित्र

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि बौद्धिक संपदेविषयीच्या करारातील कलम २७.३ (ब) नुसार वनस्पतींच्या वाणांना पेटंट, स्वतंत्र व्यवस्था किंवा दोहोंचे मिश्रण यांपैकी कोणते तरी संरक्षण देणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. भारताने स्वतंत्र व्यवस्थेचा मार्ग पत्करला आणि २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम संमत केला. पैदासकाराच्या हक्काबरोबरच शेतकऱ्याचा हक्क कायद्याच्या शीर्षकातच नोंदविणारा हा कायदा जगातील अशा कायद्यांत वेगळा ठरतो. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचे बियाणेही राखू, पेरू, पुन्हा पेरू, देऊ-घेऊ आणि विकूही शकतो. अट एवढीच की, ते छापील नाममुद्रा लावून विकता कामा नये. वाण सांगितल्याप्रमाणे उत्पादन देत नसेल तर भरपाई मागण्याची तरतूदही याच कलमात आहे. मात्र प्राधिकरण स्थापन होण्यास २००५ साल उजाडले.

दरम्यान २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. परवानगीचा आधार बियाणे कायदा नव्हता, तर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि त्याखालील १९८९ चे नियम होते. या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद केली असून तिच्यात कारखाना निरीक्षक, आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी आदींचा समावेश आहे. एका दिवसात कापसाचे बी पर्यावरण, आरोग्य व प्रशासन या तिन्ही खात्यांचा विषय झाले. ज्यांनी आयुष्यभर उगवणशक्ती आणि धाग्याची लांबी मोजली, त्या कृषी पदवीधरांपुढे हा सर्वस्वी नवा प्रांत होता. जे वकील होते त्यांना बोंडअळी ठाऊक होती, पण १९८९ चे नियम ठाऊक असण्याची शक्यता कमी होती.

बीटीच्या ४५० ग्रॅम पिशवीची किंमत आरंभी १,६०० रुपयांच्या घरात होती आणि तीत जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा वाटा मोठा होता. आंध्र प्रदेश शासनाने हा प्रश्न मक्तेदारी आयोगापुढे नेल्यानंतर २००६ मध्ये किंमत ७५० रुपयांपर्यंत उतरली. महाराष्ट्राने पुढे २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या पुरवठा, विक्री व किमतीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश डिसेंबर २०१५ मध्ये आला. या सर्व घडामोडींत नांदेड-४४ चे काय झाले, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, काही हंगामांतच तो बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. वाण वाईट ठरला म्हणून तो मागे पडला नाही. त्यात बीटी जनुक नव्हता म्हणून मागे पडला. विद्यापीठाकडे वाण होता, जनुक नव्हता; कंपन्यांकडे जनुकाचा परवाना होता आणि वाण त्या तयार करू शकत होत्या. या असमतोलाचे स्वरूप शास्त्रीय कमी आणि विधिविषयक अधिक होते, हे त्या वेळी विद्यापीठीय वर्तुळात पुरेसे ओळखले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सार्वजनिक बीटीची कथा

या पार्श्वभूमीवर सार्वजनिक क्षेत्राने स्वतःचा बीटी कापूस आणण्याचा जो प्रयत्न केला, तो कोणत्याही तंत्रज्ञान-विधी वर्गात सविस्तर शिकविला जावा इतका बोधक आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन परिषदेचे जैवतंत्रज्ञान केंद्र यांच्या सहभागातून 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण तयार झाला. २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली आणि २००९ च्या हंगामात तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. बिकानेरी नरमा हीच नांदेड-४४ ची मादी असल्याने त्यापाठोपाठ 'एनएचएच-४४ बीटी' हा वाणही तयार करणे शक्य झाले. सरळ वाण म्हणजे सरकी राखता येणारा वाण. सार्वजनिक जनुक म्हणजे स्वामित्वशुल्क नसलेला जनुक. मराठवाड्याच्या दृष्टीने ही आशा लहान नव्हती.

परंतु २००९ अखेरीस बियाण्याची विक्री थांबविण्यात आली. त्यात मोन्सॅन्टोच्या 'मॉन-५३१' या इव्हेंटचा जनुकांश असल्याचे आढळून आले होते. एस. के. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि संशोधनातील नोंदी, चाचणी व देखरेख यांतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट आवर्जून नोंदवावयास हवी. हा प्रयत्न प्रामुख्याने फसला तो प्रयोगशाळेतील कौशल्याच्या अभावामुळे नव्हे. नमुना कोणाकडून आला, कोणाच्या हाती गेला, कोणत्या तारखेला तपासला, याची साखळी सिद्ध करता आली नाही म्हणून. न्यायालयात पुराव्याची जी शिस्त लागते तीच शिस्त आता प्रयोगशाळेतही लागू लागली होती. भारतीय कृषी संशोधन परिषदेने बौद्धिक संपदा व्यवस्थापन व तंत्रज्ञान हस्तांतरणाची मार्गदर्शक तत्त्वे २००६ मध्येच लागू केली होती; परंतु तत्त्वे लागू होणे आणि सवय अंगी बाणणे यांत अंतर असते.

विशेष म्हणजे मॉन-५३१ या पहिल्या पिढीच्या इव्हेंटवर भारतात पेटंटच नव्हते. पेटंट होते ते बोलगार्ड-२ संबंधीचे, २००८ मध्ये मंजूर झालेले. त्यावरील वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) चा आधार घेऊन ते अवैध ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निर्णय रद्द करून प्रकरण सुनावणीसाठी परत पाठविले. पेटंटची मुदत त्याच वर्षाच्या अखेरीस संपली. पुढे पक्षकारांनी आपसांत तडजोड केली. म्हणजे बियाण्यातील जनुकावर पेटंट चालते की नाही, या प्रश्नाचा अंतिम निवाडा न होताच पेटंट संपले. पेटंट कशावर आहे आणि कशावर नाही, एवढी एक गोष्ट नीट वाचता येणे हेही विद्यापीठाच्या संशोधकाला किती मोठे बळ देते, याचे प्रत्यंतर २०२३ मध्ये आले. त्या वर्षी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ हे बीटी सरळ वाण पुढे आले. त्यांत पहिल्या पिढीचाच क्राय-१ एसी जनुक आहे. नांदेड-४४ ची बोलगार्ड-२ आवृत्ती महाबीजच्या सहकार्याने त्यापूर्वीच बाजारात आली होती. पण ती संकरित. सरळ बीटी वाणाची सरकी मात्र शेतकऱ्याला राखता येते. गावरानीच्या काळी घरात असलेली सरकी सुमारे एका शतकाच्या वळशानंतर पुन्हा घरात येण्याची ही शक्यता आहे, आणि या वेळी तिच्यासोबत कलम ३९ ही आहे.

अभ्यासक्रमात कायदा

आता शिक्षणाकडे वळू. कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची २००९ मध्ये जी राष्ट्रीय पुनर्रचना झाली, तीत 'बौद्धिक संपदा आणि तिचे कृषी क्षेत्रातील व्यवस्थापन' हा एक श्रेयांकाचा विषय सर्व शाखांना अनिवार्य करण्यात आला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार पदवी पातळीवरही बौद्धिक संपदा हक्क हा एक श्रेयांकाचा विषय आला. पाऊल योग्य दिशेने होते, हे निर्विवाद आहे. परंतु एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास. त्या तासात जागतिक व्यापार करार, पेटंट, व्यापारचिन्ह, भौगोलिक निर्देशन, वाण संरक्षण, जैवविविधता कायदा, परवाना करार इतके सारे यावयाचे. परिणामी विद्यार्थी व्याख्या लिहितो आणि पुढे जातो. बियाणे विक्रीचा परवाना घेऊन कृषी केंद्र उघडणाऱ्या किंवा कृषी सहायक म्हणून रुजू होणाऱ्या पदवीधराला प्रत्यक्षात ज्या कायद्याशी रोज गाठ पडणार, तो १९६६ चा अधिनियम, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आणि २००९ चा राज्य कायदा यांना या विषयात दुय्यम स्थान मिळते.

दुसऱ्या बाजूला विधी शिक्षणाचे चित्र काय? भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ऑनर्स अभ्यासक्रमासाठी जे विषयगट सुचविले आहेत, त्यांत बौद्धिक संपदेचा गट आहेच. पण त्याशिवाय 'कायदा आणि शेती' असा स्वतंत्र गटही आहे. बियाणे, पाणी, खते, कीटकनाशके यांविषयीचे कायदे, कृषी पतपुरवठा, पीक विमा, शेतकरी व पैदासकारांचे हक्क अशा विषयांची त्यात कल्पना केलेली आहे. महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांतून या गटाची चर्चा ऐकू येत नाही. विद्यार्थी सायबर कायदा आणि कंपनी कायदा यांकडे ओढला जातो, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरीची वाट त्या दिशेने जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे २०१७ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे कायदा शिकविणाऱ्या आणि शेती शिकविणाऱ्या संस्था मराठवाड्यात आता पुरेशा आहेत. त्या दोन वेगळ्या कुलगुरूंच्या, दोन वेगळ्या अधिनियमांच्या आणि मंत्रालयातील दोन वेगळ्या खात्यांच्या अधीन आहेत, ही अडचण मात्र खरी आहे. १९१८ मधील विभागणी अशी आजही फायलींत जिवंत आहे.

पंचनाम्याचा प्रश्न

या विभागणीची किंमत कोण मोजतो, हे २०१७ आणि २०२० या दोन वर्षांत स्पष्ट झाले. २०१७-१८ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा व विदर्भातील कापूस उद्ध्वस्त केला. २००९ च्या राज्य कायद्याखाली भरपाईसाठी विहित नमुन्यात तक्रार करावयाची होती. गावोगाव त्याला 'जी फॉर्म' असे नाव पडले. त्यासोबत विक्री पावती, सातबारा, लॉट क्रमांक असे पुरावे जोडावयाचे. अनेक शेतकऱ्यांनी बियाणे उधारीवर घेतलेले असते आणि पक्की पावती त्यांच्या हाती आलेली नसते, ही खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट कायद्याच्या नमुन्याला ठाऊक नव्हती. २०२० च्या जून महिन्यात सोयाबीन उगवले नाही आणि मराठवाड्यात दुबार पेरणीचे संकट ओढवले. तक्रारी इतक्या झाल्या की, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

अशा प्रसंगी तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात जाऊन पंचनामा करते. या समितीत कृषी खात्याचे अधिकारी, महाबीजचा प्रतिनिधी आणि कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो. शास्त्रज्ञ उगवणीची टक्केवारी मोजतो, जमिनीतील ओल, पेरणीची खोली, पावसाचा खंड यांची नोंद घेतो आणि निष्कर्ष लिहितो. पुढे हाच कागद जिल्हा ग्राहक आयोगापुढे मुख्य पुरावा म्हणून येतो. कंपनीचा वकील प्रथम या कागदावरच हल्ला चढवितो : कंपनीला भेटीची सूचना दिली होती का, बियाण्यात दोष असल्याचे स्पष्ट म्हटले आहे की केवळ उगवण कमी असे लिहिले आहे, इतर कारणे कशाच्या आधारे वगळली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. सर्व बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने प्रयोगशाळेसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येणार नाही, हेही मान्य केले. नमुना नसेल तर उरतो तो पंचनामा. म्हणून पंचनाम्यातील एकेका वाक्याला वजन आहे. एका सदोष वाक्यामुळे चार एकरांची भरपाई जाऊ शकते आणि एका निष्काळजी वाक्यामुळे निर्दोष उत्पादकावर ठपकाही बसू शकतो.

हा कागद कसा लिहावा, हे कृषी विद्यापीठाच्या कोणत्या विषयात शिकविले जाते? आणि तो कसा वाचावा, हे विधी महाविद्यालयाच्या कोणत्या विषयात? एक श्रेयांकाच्या व्याख्यानांत या दोन्ही प्रश्नांना जागा नाही. वास्तविक यासाठी नवा विभाग, नवी इमारत वा मोठे अनुदान यांची गरज नाही. विधी शाखेच्या अंतिम वर्षाला विधिसाहाय्य व प्रात्यक्षिकाचे काम अनिवार्य आहे. कृषी पदवीच्या अंतिम वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव आहे. एकाच गावात, एकाच हंगामात या दोन विद्यार्थ्यांची गाठ घालून देणे आणि बंद झालेल्या तक्रारींची कागदपत्रे त्यांच्यापुढे ठेवणे, एवढ्यावरून आरंभ करता येईल. परभणी शहरात विधी महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ यांत रिक्षाचे अंतर आहे.

नवे तंत्रज्ञान

तंत्रज्ञान मात्र थांबलेले नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेला तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे पेरून कायद्यालाच आव्हान दिले. 'चोर बीटी' हा शब्द त्यापूर्वीच मराठवाड्याच्या बाजारात रुळला होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित यंत्रांद्वारे डिजिटल शेतीचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले आणि फवारणीची कार्यपद्धती त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. ड्रोन कोणी उडवावा, किती उंचीवरून, कोणत्या परवान्याने, हे या नियमांत सापडते. परंतु परभणी-पूर्णा परिसरात कापसाच्या शेजारी तुती आहे आणि तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे पोसले जातात. कापसावर सोडलेली फवारणी वाऱ्याने बांध ओलांडून तुतीवर गेली आणि संगोपनगृहातील बॅच मेली, तर ड्रोन चालविणारा, तो भाड्याने लावणारा आणि औषध विकणारा यांपैकी जबाबदार कोण, याचा शोध ड्रोन नियम, १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि नुकसानभरपाईचा सर्वसाधारण कायदा अशा तीन ठिकाणी घ्यावा लागतो; आणि मेलेल्या किड्यांचा पंचनामा दुसऱ्या दिवसाच्या आत झाला नाही, तर तिन्ही ठिकाणी दाखवायला काहीच उरत नाही.